पाळीपाळीची लढत आणि करुणरसाचा प्रश्न : ‘ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन’ची बलस्थाने व मर्यादा

प्रस्तावना :

व्हिडिओ गेमला केवळ करमणूक समजून समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याची प्रवृत्ती आढळते. तथापि भूमिकाप्रधान खेळात कथा, पात्रे, संगीत आणि नियम एकत्र येत असल्याने वाङ्मयीन निकषांवर त्याचे मूल्यमापन करणे शक्य आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही या प्रकारातील जपानी परंपरेची पायाभूत मालिका होय. ‘विझर्ड्री’ व ‘अल्टिमा’ या अमेरिकन संगणकीय खेळांपासून प्रेरणा घेऊन युजी होरी यांनी तिचा पहिला भाग १९८६ मध्ये सिद्ध केला. पात्रांची रेखाटने अकिरा तोरियामा (१९५५-२०२४) यांची, तर संगीत कोइची सुगियामा (१९३१-२०२१) यांचे होते. याच तिघांचा सहभाग असलेला अकरावा भाग जपानमध्ये २०१७ साली व इंग्रजीत २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात या भागाचा विचार केला आहे.

बलस्थाने :

या खेळातील लढत बुद्धिबळाप्रमाणे पाळीपाळीने चालते. ज्या पात्राची चपळता अधिक, त्याची पाळी आधी येते. खेळाडू आज्ञा देईपर्यंत शत्रूही थांबून राहतो. हाताच्या चापल्यापेक्षा येथे विचाराला महत्त्व मिळते. नायकासह एकूण आठ जणांपैकी चौघेच एका वेळी लढू शकतात; त्यामुळे कोणाला पुढे करावे आणि कोणाची शक्ती राखून ठेवावी, याचा निर्णय सतत घ्यावा लागतो. शांतपणे विचार करून निवड करणे आणि निवडीचे फळ स्वीकारणे, हा या पद्धतीचा गाभा आहे.

नियम आणि कथा यांचा उत्कृष्ट मेळ व्हेरोनिका व सेरेना या जुळ्या बहिणींच्या प्रसंगात दिसतो. व्हेरोनिका संहारक मंत्रांची, तर सेरेना उपचाराच्या मंत्रांची जाणकार. पहिल्या टप्प्याच्या अखेरीस खलनायक मॉर्डेगॉन विश्ववृक्षाची शक्ती हिरावून घेतो आणि वृक्ष कोसळतो. त्या वेळी व्हेरोनिका उरलेली सर्व शक्ती खर्चून साथीदारांना सुरक्षित स्थळी पोहोचवते आणि स्वतः प्राण गमावते. हे सत्य दुसऱ्या टप्प्यात उशिरा उलगडते. त्यानंतर तिचे मंत्र सेरेनाकडे येतात. लढतीत सेरेनाची पाळी आली की आज्ञांच्या यादीत दिवंगत बहिणीचे मंत्र दिसतात. येथे शोक केवळ संवादात सांगितला जात नाही. तो प्रत्येक लढतीत खेळाडूच्या हाती येतो. हे सामर्थ्य कादंबरीला किंवा चित्रपटाला या स्वरूपात लाभत नाही.

मर्यादा :

काही मर्यादा तपशिलाच्या आहेत. नायक जवळजवळ मूक असल्याने गंभीर प्रसंगी तो निर्विकार भासतो. सर्वसाधारण लढती सोप्या आहेत. साथीदारांना स्वयंचलितपणे लढू देण्याची सोय असल्याने पुष्कळदा विचाराची गरजच उरत नाही. कठोर निर्बंध स्वीकारून खेळता येते, परंतु ती निवड आरंभीच करावी लागते. मूळ आवृत्तीतील कृत्रिम वाद्यध्वनीची उणीव २०१९ च्या सुधारित आवृत्तीत वाद्यवृंदाच्या संगीताने दूर झाली.

मूलभूत मर्यादा मात्र तिसऱ्या टप्प्यात आहे. मॉर्डेगॉनच्या पराभवानंतर श्रेयनामावली झळकते आणि कथा पूर्ण झाल्यासारखी वाटते. त्यापुढे नायकाला काळात मागे जाऊन व्हेरोनिकाला वाचवण्याची संधी मिळते. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त करुण आणि विप्रलंभ यांत केलेला भेद येथे उपयुक्त ठरतो. विप्रलंभात पुनर्भेटीची अपेक्षा असते; करुणात ती संपलेली असते. खेळात सामान्यतः गतप्राण झालेला साथीदार मंत्राने किंवा मंदिरातील पुरोहिताकडून पुन्हा उठतो. व्हेरोनिकाचा मृत्यू या नियमाला अपवाद होता, आणि म्हणूनच तो करुण होता. तिसरा टप्पा तो अपवाद रद्द करतो आणि करुणाचे मागाहून विप्रलंभात रूपांतर करतो.

या टप्प्याच्या बाजूनेही काही सांगता येते. नायकाला एकट्यानेच मागे जावे लागते. ज्या साथीदारांसोबत त्याने दुःख सोसले, त्यांचा निरोप घ्यावा लागतो. हा त्याग खरा आहे आणि निरोपाचा प्रसंग हृद्यही आहे. परंतु नव्या काळात तेच साथीदार पुन्हा भेटत असल्याने त्याची किंमत लवकरच विसरली जाते. शिवाय बहिणीच्या निधनानंतर सेरेनाने केस कापून जो निर्धार केला होता, ती वाढ पुसली जाते. ज्या खेळाने निवडीचे फळ स्वीकारायला शिकवले, तोच येथे ते फळ परत करण्याची मुभा देतो.

निष्कर्ष :

पाळीपाळीची लढत कालबाह्य झाली आहे, हा आक्षेप या खेळाच्या बाबतीत टिकत नाही. जुन्या पद्धतीतच त्याचे सर्वाधिक सामर्थ्य आहे. तो उणा पडतो तो जुनेपणामुळे नव्हे, तर स्वतःच्या नियमांतून घडवलेल्या शोकावर अखेरपर्यंत विश्वास न ठेवल्यामुळे. अशा खेळाचे मूल्यमापन करताना कथा आणि नियम वेगवेगळे न तपासता त्यांचा परस्परसंबंध तपासणे आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते.