कोणते कासव?

मागच्या हिवाळ्यात भवानीनगर परिसरातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. गळीत हंगाम ऐन भरात होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि हवेत मळीचा वास होता. प्रयोगशाळेत शिरताच मुलांनी आम्हांला एका टेबलापाशी नेले. टेबलावर काचेची पेटी होती. तीत तळहाताएवढे कासव होते आणि वर साठ वॉटचा दिवा टांगलेला होता. कोणा विद्यार्थ्याच्या मामाने ते शहरातून आणून शाळेला भेट दिले होते. सोबत ‘निगा कशी राखावी’ हे सांगणारे एक छापील पत्रकही आले होते.

शिक्षक म्हणाले, “पत्रकात लिहिलंय तसं सगळं करतोय. तरी आठ दिवस झाले, त्यानं तोंड उघडलेलं नाही. आमचं काय चुकतंय?”

आम्ही पत्रक वाचले आणि मग पुन्हा वाचले. चूक शिक्षकांची नव्हती, पत्रकाची होती. अशी पत्रके आपणही पाहिली असतील. त्यांतल्या सूचना स्पष्ट आणि क्रमवार असतात, वाचणाऱ्याला त्या शास्त्रीयही वाटतात. म्हणूनच अशा मजकुराची तपासणी करणे, हे विज्ञानशिक्षकाचे काम आहे असे आम्हांला वाटते.

पहिला दोष : नावाचा

पत्रकाची सुरुवातच ‘कासव हा प्राणी’ अशी होते. पण कोणते कासव? जमिनीवर राहणाऱ्या कासवाला इंग्रज ‘टॉर्टाइज’ म्हणतो, पाण्यातल्याला ‘टर्टल’. आपल्याकडे दोघांना एकच शब्द आहे. शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडात कोरलेले असते तेही कासव, कालव्यात डोके वर काढते तेही कासव आणि कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते तेही कासवच. बोलण्यात याने काही बिघडत नाही. पण इंग्रजी पुस्तकातल्या ‘टॉर्टाइज’च्या जागी नुसते ‘कासव’ लिहिले, की एका प्राण्याच्या सूचना दुसऱ्याच्या माथी बसतात.

आपल्या भागातल्या कालव्यांत, तळ्यांत, विहिरींत दिसते ते बहुधा मऊ पाठीचे पाणकासव. ते बेडूक, मासे, गोगलगायी खाते, मेलेले जनावरही खाते आणि पाणवनस्पतीही खाते. पाणी आटले की चिखलात पुरून घेऊन पडून राहते. शाळेतले कासव मात्र तारा कासव होते. उंच घुमटासारखी पाठ आणि प्रत्येक खवल्यावर पिवळ्या रेघांची चांदणी. हे कोरड्या माळाचे, गवता-झुडपांचे कासव आहे. राजस्थान-गुजरातच्या बाजूला, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूत आणि श्रीलंकेत ते आढळते. याला पोहता येत नाही. पत्रकाने मात्र दोघांनाही एकाच पेटीत बसवले होते.

दुसरा दोष : उष्णतेचा

पत्रक म्हणते, कासव शीतरक्ताचे असल्याने दिवा रात्रंदिवस चालू ठेवावा. ‘शीतरक्त’ हा आपल्या पाठ्यपुस्तकांतून चालत आलेला शब्द इथे घात करतो. कासवाचे रक्त थंड नसते. ते शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करत नाही, ती बाहेरून मिळवते, एवढाच अर्थ. सकाळी ते उन्हात येते, अंग तापले की चरते आणि ऊन चढले की झुडपाखाली शिरते. म्हणजे त्याला उष्णतेइतकीच सावलीही लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोहोंपैकी निवड करण्याची मोकळीक लागते. लहान पेटीच्या मधोमध दिवा टांगला की ही निवडच संपते. पेटीचे एक टोक गरम आणि दुसरे थंड हवे, रात्री अंधार हवा, हे पत्रकात कुठेच नाही.

आता एक छोटे गणित. दिवा तळापासून ३० सेंटिमीटर उंच आहे आणि तापमापक तळाशी ठेवला आहे. कासवाची उंची ८ सेंटिमीटर. म्हणजे त्याची पाठ दिव्यापासून २२ सेंटिमीटरवर आली. उष्णतेचे प्रारण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते असे धरले, तर ३० चा वर्ग ९०० आणि २२ चा वर्ग ४८४. पाठीवर तळाच्या मानाने जवळजवळ दुप्पट उष्णता पडते! तापमापक ‘ठीक आहे’ म्हणत असतो आणि पाठ भाजत असते. ती पाठ म्हणजे निर्जीव टोपले नव्हे. ती बरगड्या आणि मणके जोडले जाऊन झालेली जिवंत हाडे आहेत, त्यांवर केराटिनचे खवले आहेत. त्यांना रक्तपुरवठा असतो आणि स्पर्शही कळतो.

तिसरा दोष : प्रकाशाचा

‘ड जीवनसत्त्वासाठी पेटी रोज खिडकीत उन्हात ठेवावी.’ ही सूचना वाचायला सर्वांत शास्त्रीय, आणि सर्वांत धोक्याचीही. त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसदृश पदार्थापासून ड-३ जीवनसत्त्व बनते, ते सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांमुळे. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून जवळजवळ पार होत नाहीत. पण दृश्य प्रकाश आणि उष्णता मात्र आत येतात, आणि आतली तापलेली हवा बाहेर पडत नाही. म्हणजे काचेच्या पेटीत कासवाला जे हवे ते मिळत नाही आणि जे नको ते भरपूर मिळते. शरीराचे तापमान चाळीस अंशांपुढे राहिले तर कासव दगावते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या दुपारी बंद पेटीत तेवढा वेळ लागणार नाही.

साध्या तारेच्या दिव्यातूनही हे किरण मिळत नाहीत. त्यासाठी खास नळ्या येतात, पण त्यांचा अतिनील भाग काही महिन्यांत क्षीण होतो. दृश्य प्रकाश मात्र तसाच दिसत राहतो. डोळ्यांना फरक कळत नाही. ड-३ नसेल तर आतड्यातून कॅल्शियम शोषले जात नाही, हाडे आणि पाठ मऊ पडते. वाईट असे, की हे लक्षात यायला महिने लागतात.

चौथा दोष : आहाराचा

काकडी, टोमॅटो, कोबी, भात आणि दुधात भिजवलेला पाव. ही पत्रकातली यादी स्वयंपाकघरातून आली आहे, माळावरून नाही. तारा कासव मुख्यतः गवत, पाने, फुले आणि गळून पडलेली फळे खाते. त्याच्या आतड्यातले जिवाणू तंतुमय चाऱ्यावर काम करतात, भात-पाव त्यांचा तोल बिघडवतात. काकडीत बहुतेक पाणीच. आहारात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त, साधारण दुप्पट, असावे लागते. त्या हिशेबाने दारातली हरळी, जास्वंदीची पाने-फुले, शेवग्याचा पाला हे काकडी-टोमॅटोपेक्षा कितीतरी चांगले.

पालक कॅल्शियमने भरलेला, पण त्यातले ऑक्झॅलेट ते बांधून ठेवते. हे आपल्या मुलांना समजावणे सोपे आहे. हंगामात जनावरांपुढे नुसते वाढे पडतात. वाढ्यांतही ऑक्झॅलेट असते, म्हणून त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी असे पशुवैद्यक सांगतात. गोठ्यातले हे शहाणपण आणि कासवाच्या आहाराचे शास्त्र एकच आहे.

पाठीवर उंचवटे येतात ते जास्त प्रथिनांमुळे, असे जुनी पुस्तके सांगत. २००३ साली वीझनर आणि इबेन यांनी आफ्रिकी जमिनीवरच्या कासवांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगात प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा परिणाम मोठा दिसला. दिव्याखाली सतत वाळणारी पेटी कशी असते हे वेगळे सांगायला नको.

पाचवा दोष : जे लिहिलेच नाही

ही पत्रके थंड देशांतल्या पुस्तकांवरून उतरवलेली असतात. तिथेही कासव पाळण्याची रीत दिव्यांच्या आधीची आहे. इंग्लंडमधील निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट याला १७८० मध्ये मावशी-आत्यांपैकी एकीकडून एक कासव वारशाने मिळाले. नाव टिमथी. ते बागेत राही आणि थंडीत मातीत पुरून झोपे. व्हाइटने त्याला तापवले नाही, त्याच्या नोंदी ठेवल्या. टिमथी मादी होती हे मात्र तिच्या मृत्यूनंतर कळले! पुढे भूमध्यसागरी कासवांचा व्यापार इतका वाढला, की १९८४ मध्ये युरोपीय समुदायाला त्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

आपल्याकडे तर मुळात हा प्रश्नच उद्भवू नये. तारा कासव आणि मऊ पाठीचे पाणकासव ही दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून तारा कासव पहिल्या अनुसूचीत आहे. त्याआधी २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आले. घरी किंवा शाळेत ते ठेवणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. पत्रकात दिवा, काकडी, काच सगळे आहे. हे एक वाक्य नाही.

हे सांगितल्यावर खोलीत शांतता पसरली. मग एक मुलगी म्हणाली, “सर, मग आत्ताच कालव्यात सोडून येऊ या.” तिच्या मनात दयाच होती. पण नीरा डावा कालवा भरून वाहत होता, आणि तारा कासव त्यात बुडाले असते. नावाचा दोष आम्ही पहिला धरला तो यासाठी. एकच शब्द असल्यामुळे पुण्य समजून केलेले कृत्य जीव घेते. उलट ते परदेशी लाल कानाचे पाणकासव असते, तर कालव्यात जगले असते आणि इथल्या पाणकासवांच्या अन्नात वाटेकरी झाले असते. तेही सोडणे चूकच.

शिक्षकांनी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी केला. संध्याकाळी कर्मचारी आले आणि कासव घेऊन गेले. मुले हिरमुसली, हे खरे.

त्यांच्यासाठी आम्ही एक काम सुचवून आलो, ते आपणही करून पाहावे. शाळेच्या कुंपणावर सरडा असतोच. सकाळी सातपासून दर अर्ध्या तासाला तो उन्हात आहे की सावलीत, अंग उन्हाकडे कसे वळवले आहे, हे लिहावे. जवळच एक तापमापक उन्हातल्या दगडावर आणि एक सावलीत ठेवून आकडे नोंदवावेत. पंधरा दिवसांत आलेख तयार होईल आणि ‘शीतरक्त’ या शब्दात काय कमी आहे ते मुले आपणहून सांगतील. पेटी लागणार नाही, दिवा लागणार नाही आणि सरडा संध्याकाळी आपल्या जागी जाईल.

कासवी पिलांना नुसत्या नजरेने पोसते, असा दृष्टान्त आपल्या संतांनी वापरला आहे. प्रत्यक्षात ती अंडी पुरून निघून जाते आणि पिले पहिल्या दिवसापासून स्वतःच चरतात. आई नसते, पण माळ असतो. त्या माळाची भरपाई करण्याचे आश्वासन कुठलेही पत्रक देऊ लागले, की आपण आधी विचारावे : कोणते कासव?