जखमेचे वाचन : 'शार्प ऑब्जेक्ट्स'च्या निमित्ताने

स्वतःच्या देहाला स्वतः पोचवलेल्या इजेचा निर्देश करणाऱ्या ज्या संज्ञा मराठीत रूढ आहेत, त्यांपैकी एकही प्रस्तुत विषयाला पुरी पडत नाही. 'आत्महत्या' या शब्दात मरणाचा हेतू गृहीत आहे. 'आत्मपीडन' मानसशास्त्रीय परिभाषेत सुखाशी, विशेषतः लैंगिक सुखाशी, जोडले गेले आहे. 'आत्मक्लेश' या शब्दाला व्रताचा आणि राजकीय उपोषणाचा वास आहे. जिच्यात मरण्याची इच्छा नाही, सुख नाही आणि पुण्यही नाही, जी असह्य मनःस्थितीतून घटकाभर सुटण्यासाठी गुपचूप केली जाते, अशा कृतीला आपल्याकडे नाव नाही. येथे तिच्यासाठी 'स्व-इजा' हा ओबडधोबड शब्द वापरला आहे. त्याचा ओबडधोबडपणा हाच त्याचा गुण आहे, कारण त्याला चिकटलेले अर्थ अजून फारसे नाहीत.

नाव नसले की वस्तूचे वाचन भलत्याच चौकटीत होते. घरात स्व-इजेला 'नाटक' म्हणतात. कायद्याच्या भाषेत ती दीर्घकाळ आत्महत्येच्या प्रयत्नाच्या शेजारी उभी होती. त्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम 309 भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 रोजी लागू झाली तेव्हा वगळले गेले. तिसरी चौकट आपली, म्हणजे साहित्याच्या अभ्यासकांची आहे. आपण जखमेला 'संहिता' म्हणतो. प्रस्तुत लेखाचा वाद या तिसऱ्या चौकटीशी आहे.

देह ही लिहिली जाणारी पृष्ठभूमी आहे, ही कल्पना आपल्याला फूकोने 1971 मध्ये नीत्शेवर लिहिलेल्या निबंधातून परिचित झाली. काफ्काच्या 1919 साली प्रसिद्ध झालेल्या दंडवसाहतीच्या कथेत तर गुन्हेगाराच्या अंगावर शिक्षेचे वाक्यच यंत्राने कोरले जाते. या परंपरेच्या उजेडात गिलियन फ्लिन यांची 'शार्प ऑब्जेक्ट्स' (2006) ही कादंबरी हाती आली, की समीक्षकाला हर्ष होणे स्वाभाविक आहे. तिची निवेदिका कमिल प्रीकर ही शिकागोतील एका वृत्तपत्राची वार्ताहर. मुलींच्या हत्यांची बातमी करण्यासाठी ती मिझुरीतील विंड गॅप या आपल्या गावी परतते. तिच्या अंगावर शब्द कोरलेले आहेत, आणि ते तिनेच कोरलेले आहेत. 'देह-संहिता' या संकल्पनेला याहून सोयीचे उदाहरण मागूनही मिळाले नसते. पितृसत्तेने स्त्रीच्या देहावर केलेले लेखन ही स्त्री आपल्या हाती घेते, म्हणजे ती प्रतिलेखन करते, असा निबंध आपल्यापैकी कोणीही एका बैठकीत लिहू शकेल. मी तो वर्गात बोलूनही दाखवला आहे.

त्या तासानंतर एक विद्यार्थिनी थांबली. "सर, ती कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. ती बाह्या खाली ओढते," एवढेच ती म्हणाली. मी तिला संदर्भग्रंथांची यादी दिली.

तिचा आक्षेप सैद्धांतिकदृष्ट्या अचूक होता, हे मला उशिरा उमगले. कमिल उन्हाळ्यातही अंग झाकून वावरते. तिच्या शब्दांना वाचक अभिप्रेत नाही. संहिता ही संकल्पना मात्र वाचकाशिवाय उभी राहत नाही, आणि म्हणून आपण तो पुरवतो. तो वाचक म्हणजे आपणच.

एलेन स्कॅरी यांनी 'द बॉडी इन पेन' (1985) या ग्रंथात असे मांडले, की शारीरिक वेदना भाषेला केवळ विरोध करीत नाही, ती भाषा मोडून टाकते. भीती कशाची तरी असते, प्रेम कोणावर तरी असते, वेदनेला मात्र असा विषय नसतो. स्व-इजेच्या संदर्भात हे सूत्र उलटे वाचावे लागते. येथे आधी मोडलेली भाषा आहे. मनातल्या कल्लोळाला जागा नाही, कड नाही आणि शेवटही नाही. देहावरच्या वेदनेला निदान या तिन्ही गोष्टी असतात. तिच्यामुळे कल्लोळ क्षणभर थांबतो, आणि मग लाजेसह परत येतो. नॉक आणि प्रिन्स्टाइन यांनी 2004 मध्ये किशोरवयीन रुग्णांच्या अभ्यासातून या कृतीची कार्ये वेगळी करून दाखवली, तेव्हा इतरांचे लक्ष वेधणे हे कारण मागे पडले. नकोशी भावना थांबवणे हे कारण सर्वांत पुढे आले. 'नाटक' हा घरगुती निवाडा त्यामुळे कोसळतो. 'संदेश' हा आपला निवाडाही बराचसा कोसळतो, कारण दोन्ही निवाड्यांत प्रेक्षक गृहीत आहे.

याचा अर्थ ही कृती निरुपद्रवी आहे असा नव्हे. मरणाचा हेतू नसतानाही स्व-इजा करणाऱ्यांत पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला आढळतो. हेतू वेगळा असणे आणि धोका नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्याकडचा वाचक येथे पोतराजाची आठवण काढील. अंगावर आसूड ओढणारा मरीआईचा भक्त आपण रस्त्यावर पाहिलेला आहे. मनोविकारतज्ज्ञ आर्मांडो फवाझा यांनी 'बॉडीज अंडर सीज' (1987) मध्ये समाजमान्य विधींतील देहक्षती आणि एकाकी व्यक्तीची देहक्षती यांत भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. पोतराजाच्या आसुडाला डफडे आहे, देवता आहे, सुपात धान्य घालणारे हात आहेत. त्याच्या वेदनेचा अर्थ त्याच्या आधीपासून गावाने ठरवलेला आहे. (त्या अर्थाची किंमत कोणत्या जातींनी मोजली, हा प्रश्न स्वतंत्र आणि तीव्र आहे.) पोतराजाचा देह खरोखरच वाचला जातो. कमिलचा जात नाही. दोघांना एकाच चिन्हव्यवस्थेत बसवणारी समीक्षा सोयीची असली तरी चुकीची आहे.

आता कादंबरीतील खरा पेच. कमिल पत्रकार आहे. शब्द हाच तिचा व्यवसाय. व्यक्त झाले की माणूस मोकळा होतो, या आपल्या लाडक्या श्रद्धेनुसार तिने केव्हाच बरे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात अंगावरचे शब्द प्रसंगानुसार पेटून उठतात आणि तिला सोडत नाहीत. विरेचनाचा सिद्धान्त वापरून साहित्याला औषधाचा दर्जा देणाऱ्यांनी या वार्ताहराकडे पुन्हा पाहावे. लेखनाने आधार मिळतो, पण एकट्याने केलेले लेखन एकटेपणाचीच एक कोठडी होऊ शकते.

मग काय उपयोगी पडते? येथे एका चिकित्सकाचे नाव घेणे आवश्यक आहे. मार्शा लिनहान यांनी विकसित केलेली द्वंद्वात्मक वर्तनचिकित्सा 1993 मध्ये ग्रंथरूपाने आली; तरुणपणी आपण स्वतः रुग्ण होतो, स्वतःला इजा करीत होतो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले ते 2011 मध्ये. त्यांची मांडणी अशी, की जात्याच तीव्र संवेदनशील असलेले मूल आणि त्याच्या भावनांना सतत खोटे ठरवणारे घर यांच्या देवाणघेवाणीतून भावना आवरण्याची असमर्थता वाढते. उपाय दोन अंगांनी येतो. एक अंग स्वीकाराचे आहे : तुझे दुःख खरे आहे, त्या क्षणी तुला दुसरा मार्ग दिसला नाही, हेही खरे आहे. दुसरे कौशल्यांचे. उर्मी लाटेसारखी चढते आणि उतरते हे ओळखून ती थोडी लांबवणे, चेहऱ्यावर गार पाणी घेणे, भावनेला 'वाईट वाटते' यापेक्षा नेमके नाव देणे, जवळच्या माणसाला त्या घडीलाच हाक मारणे. साहित्यशास्त्राच्या तुलनेत हे फार साधे, जवळजवळ स्वयंपाकघरातले वाटते. ते साधेच आहे, आणि ते सरावाने शिकता येते.

लिनहान यांच्या मांडणीतून पाहिले की फ्लिन यांचे रहस्य केवळ रहस्य राहत नाही. कमिलची आई अडोरा मुलींना आजारी पाडून त्यांची शुश्रूषा करते. धाकटी मॅरियन त्यातच गेली. ज्या घरात माया हेच विष आहे, तेथे वाढलेल्या मुलीला मदत स्वीकारणे हीच सर्वांत धोक्याची गोष्ट वाटणार. स्वतःच्या देहावर स्वतःचाच हात चालावा, आईचा नव्हे, एवढीच सत्ता तिच्यापाशी उरते. 'प्रतिलेखन' हा शब्द तिला लावताना ही सत्ता किती कंगाल आहे, हे आपण विसरलो होतो.

2018 मध्ये या कादंबरीवर दूरदर्शनमालिका निघाली. सावत्र बहीण अम्मा हिचा गुन्हा उघड होतो त्या धक्क्यावर ती तुटते, आणि या तुटण्याचे पुष्कळ कौतुक झाले. माझ्या मते येथेच मालिका कादंबरीला उणी पडते. कादंबरी त्यानंतर काही पाने चालते. कमिल पुन्हा घसरते. संपादक करी तिला थांबवतो. तो आणि त्याची पत्नी आयलीन तिला आपल्याकडे ठेवून घेतात. तिशी ओलांडलेली ही स्त्री दुसऱ्याने काळजी घेऊ देणे म्हणजे काय, हे मुलासारखे नव्याने शिकू लागते. अम्माची आपण घेतलेली काळजी दयेपोटी होती की आईच्याच रोगाचा वारसा होता, हा प्रश्न तिला छळतो, आणि तिचे मन हळूहळू दयेच्या बाजूला कलते. या पानांत एकही प्रतिमा लक्षात राहण्याजोगी नाही. अंगावरच्या शब्दांचे अर्थ करी विचारीत नाही. तो दाराशी असतो.

त्या विद्यार्थिनीला मी दिलेल्या यादीत अकरा ग्रंथ होते. 'तुमचं कसं चाललंय?' हे मी विचारले नव्हते. असे विचारल्याने नसलेला विचार मनात पेरला जातो, ही समजूत आत्महत्येच्या बाबतीतही अभ्यासाला उतरलेली नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. आता यादीच्या डोक्यावर 'टेली-मानस'चा 14416 हा क्रमांक असतो, आणि तास संपल्यावर मी खोलीत थोडा वेळ थांबतो.