मटिल्डाबाईंचं नाव : एक परीक्षण

नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, पुस्तकाचं तर लेखकाच्या मित्राकडून हमखास येतं. नावाचं परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक माणसाच्या आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा वाचली जाणारी साहित्यकृती म्हणजे त्याचं नाव. लेखिका बहुधा आत्या असते, मानधन म्हणून तिला साडी मिळते आणि ती कृती एकदा पाळण्यात प्रसिद्ध झाली की दुसरी आवृत्ती निघत नाही. निघते ती फक्त बायकांच्या नावांची. तिच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. गेली बावीस वर्षं नागपुरातल्या एका बँकेच्या काउंटरमागे बसून मी रोज दीड-दोनशे नावं वाचतो आहे. तेव्हा या विषयात माझा अधिकार मराठीच्या एखाद्या प्राध्यापकाइतका तरी नक्की आहे. आमच्या सौ.चं मत वेगळं आहे, पण तिचं सगळ्याच बाबतीत वेगळं असतं.

तर आज परीक्षणाला घेतलेलं नाव आहे मटिल्डा. तुम्ही म्हणाल, नागपूरच्या माणसाला ही बाई भेटली कुठे? भेटली नगरला. चिलखती दलाचं तिथे एक रणगाडा संग्रहालय आहे, 1994 साली उघडलेलं. साडूकडे गेलो असता त्यांनी हौसेनं नेलं. तिथे देशोदेशीचे निवृत्त रणगाडे उन्हात बसलेले असतात, पेन्शनीत निघालेली मंडळी बागेतल्या बाकावर बसावीत तसे. त्यांतला एक ब्रिटिश रणगाडा म्हणजे मटिल्डा. वजन सुमारे 27 टन, पुढचं चिलखत 78 मिलिमीटर जाड, आणि वेग? सपाट रस्त्यावर ताशी 24 किलोमीटर. सीताबर्डीच्या गर्दीत एवढ्या वेगानं जाता आलं तर मी नारळ वाढवीन. पण लढाईत म्हणजे अंमळ सावकाशच.

या नावाच्या मूळ मालकिणी मात्र सावकाश नव्हत्या. नाव जुन्या जर्मन वळणाचं. पहिल्या अर्ध्याचा अर्थ बळ आणि दुसऱ्याचा लढाई. मध्ययुगात युरोपातल्या मोठ्या घराण्यांत या नावाची इतकी चलती होती की आपल्याकडच्या लक्ष्मीबाई त्यापुढे कमी पडाव्यात. इटलीतल्या टस्कनीची एक मटिल्डा. तिच्या कानोसाच्या गढीच्या दाराशी 1077 च्या जानेवारीत जर्मनीचा राजा चौथा हेन्री पोपची क्षमा मागत बर्फात ताटकळत उभा होता. (केवायसीच्या रांगेत उभे राहणारे आमचे ग्राहक एवढा धीर धरत नाहीत.) इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची बायको मटिल्डा. त्याच्या मुलाची, पहिल्या हेन्रीची, बायको मटिल्डा. आणि या दोघांची मुलगी, तीही मटिल्डा.

ही शेवटची सगळ्यांत जबरी. जन्म 1102. पहिलं लग्न जर्मन सम्राटाशी, म्हणून इतिहासात ती सम्राज्ञी मटिल्डा. बाप वारला, गादी हिची ठरलेली, पण चुलत्या-आत्यांच्या गोतावळ्यातला स्टीफन आधी पोचला आणि बसला. मग वर्षानुवर्षं लढाया. 1141 च्या फेब्रुवारीत हिच्या पक्षानं लिंकनला स्टीफनलाच कैद केलं. आता मुकुट आला म्हणता म्हणता स्टीफनच्या बायकोनं सैन्य उभं केलं, आणि त्या बायकोचं नाव, वाचकहो, मटिल्डाच. त्याच वर्षी सम्राज्ञीचा सावत्र भाऊ रॉबर्ट पकडला गेला. मग रॉबर्टला सोडा, स्टीफनला सोडतो, असा सौदा झाला. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला कॉन्ट्रा एंट्री म्हणजे काय हे समजावून द्यायला इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. पुढल्या वर्षीच्या डिसेंबरात ही बाई ऑक्सफर्डच्या वेढ्यातून रात्रीची निसटली. पांढरी वस्त्रं पांघरून, गोठलेली नदी पायी ओलांडून, बर्फात बर्फ होऊन गेली म्हणतात. मुकुट तिला कधीच मिळाला नाही. तिच्या मुलाला 1154 मध्ये मिळाला.

आता परीक्षणाचा मुद्दा. इतक्या चपळ बाईचं नाव इतक्या मंद वाहनाला देणं हे औचित्यविचारात बसतं का? नावाचा अर्थ बघाल तर चपखल बसतं. पण तो योगायोग. हे नाव मुळात 1930 नंतरच्या दशकात व्हिकर्स कंपनीच्या एका छोट्या रणगाड्याचं टोपणनाव होतं. तो बदकासारखा डुलत चालायचा म्हणून बदकावरून नाव पडलं अशी एक गोष्ट सांगतात. पण नाव आराखड्याच्या कागदावर आधीच होतं, रणगाडा चालायला लागला नंतर; तेव्हा बदक मागाहून जोडलेलं दिसतं. नंतरच्या मोठ्या रणगाड्याला तेच नाव चिकटलं. त्यानं मात्र नावाची लाज राखली. 9 डिसेंबर 1940 ला इजिप्तच्या वाळवंटात निबैवाच्या इटालियन तळावर ब्रिटिशांच्या मटिल्डा चालून गेल्या, त्यांच्या बरोबरीनं आपली चौथी हिंदी डिव्हिजन होती. इटालियन गोळे चिलखतावर आपटून नुसते घसरत होते. तेव्हापासून तिला ‘वाळवंटाची राणी’ म्हणू लागले. पुढे जर्मनांच्या 88 मिलिमीटर तोफांनी राणीची राजवट संपवली, पण तोवर नाव झालं होतं. ऑस्ट्रेलियात, लक्षात असू द्या, मटिल्डा म्हणजे भटक्याच्या पाठीवरचं गाठोडं. त्या देशाच्या सैन्यानंही हे रणगाडे वापरले. 27 टनांचं गाठोडं.

‘हे सगळं ठीक आहे, पण आपलं काय?’ असं आमचे हेडक्लार्क विचारतात. त्यांना प्रत्येक गोष्टीत आपलं काय हे विचारायची सवय आहे. तर आपलं असं, की आपल्या रणगाड्यांत बाई नाही. विजयंता, अर्जुन, अजेय, भीष्म. सगळा पुरुषांचा डबा. विजयंता तर त्याच व्हिकर्सच्या आराखड्यावरून आपल्याकडे आवडीला बनला, पण नातं तेवढंच. बायका आपण पाण्यावर पाठवल्या. 1980 च्या दशकात तटरक्षक दलात गस्तीनौका आल्या, त्यांची नावं जिजाबाई, चांदबिबी, ताराबाई, अहल्याबाई. परीक्षकाच्या चष्म्यातून पाहता यांतलं सर्वांत अस्सल नाव ताराबाई. औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेल्या या राणीच्या बाजूला समुद्रावरचे कान्होजी आंग्रे होते. नौकेनं हे नाव मिरवावं हे रास्त. अहल्याबाईंनी काशीपासून महेश्वरपर्यंत घाट बांधले, म्हणजे पाण्याशी संबंध आहे. पण पाण्यात उतरून आंघोळ करणाऱ्यांची सोय वेगळी आणि पाण्यात गस्त वेगळी. पन्नास टक्के गुण. चांदबिबीची मात्र वाटणी चुकली. मोगलांच्या वेढ्यात तटाला खिंडार पडलं तेव्हा स्वतः उभं राहून नगरचा किल्ला तिनं राखला. चिलखताचं नाव द्यायचं तर तिचं. तिला बोटीवर बसवलं, आणि तिच्याच गावात चिलखत घालून बसली आहे कोण, तर मटिल्डा! त्यात 2024 साली गावाचंही नाव अहिल्यानगर झालं. म्हणजे एका राणीच्या नावाच्या गावात, दुसऱ्या राणीनं लढवलेल्या किल्ल्याच्या शेजारी, तिसऱ्या राणीच्या नावाचा रणगाडा. पोस्टमननं पत्र द्यायचं तरी कुणाला?

विदर्भाच्या वाट्याला म्हणाल तर 2015 मध्ये राणी दुर्गावती नावाची गस्तीनौका आली. गोंडवनाची ही राणी 1564 मध्ये रणात पडली, ती हत्तीवर बसून लढणारी. त्या काळचा रणगाडा म्हणजे हत्तीच. तिच्या राज्यातून समुद्र शेकडो मैल. पण निदान नाव तरी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या बांकाबाईंचं काय? हेडक्लार्क तावातावानं म्हणाले, ‘काहून नाही आमच्या बांकाबाईची बोट?’ मी त्यांना हळूच सांगितलं, की बाई कर्तबगार खऱ्या, पण 1857 साली त्यांनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिलं नाही; गस्तीनौकेला ते नाव दिलं तर ती बंदरातच थांबायची. ते दुपारभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता ती दुसरी आवृत्ती. वर ज्या पहिल्या हेन्रीच्या बायकोचं नाव सांगितलं, ती जन्मानं मटिल्डा नव्हती. स्कॉटलंडच्या राजाची लेक, नाव ईडिथ. 1100 साली लग्न झालं आणि सासरच्या नॉर्मन जिभांना ईडिथ फारच गावठी वाटलं म्हणून तिचं मटिल्डा केलं. म्हणजे चक्क सासूचं नाव! आपल्याकडे निदान एवढा अत्याचार नाही. इथे सुनेचं नाव सासूच्या नावापासून चार हात दूर ठेवतात, नाहीतर सासऱ्यांची पंचाईत. पण ताटभर तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायची चाल आपलीच. गोपाळराव जोशांची आनंदी माहेरी यमुना होती. न्यायमूर्ती रानड्यांची रमाही माहेरी यमुनाच. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक आणि झाशीच्या लक्ष्मीबाई, दोघीही माहेरी मनकर्णिका. या आवृत्तीला लेखिकेची परवानगी लागत नाही आणि मानधनाचा तर प्रश्नच नाही.

काउंटरवर याचा हिशेब फार अवघड होतो. मागे एक आजी आल्या. पासष्टीच्या पुढच्या, तिकडे काटोलकडच्या. त्यांच्या वडिलांनी लग्नाआधी त्यांच्या नावावर काही रक्कम ठेवली होती, तिची जुनी पावती ट्रंकेत सापडली. पावतीवर नाव एका नदीचं. आधार कार्डावर, पॅन कार्डावर, पासबुकात नाव एका देवीचं. मधल्या आडनावाच्या आणि वडील-नवऱ्याच्या नावाच्या फरकाला आमच्याकडे सोय आहे, पण पहिलंच नाव वेगळं? मी म्हटलं, ‘आजी, या दोन बाया एकच आहेत हे कागदानं दाखवावं लागते.’ त्या म्हणाल्या, ‘बाप्पा, एकच हाय ना. पन या नावानं हाक मारनारे सगळे गेले. आता कोनाले विचारू?’ साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्रावर सही करायला त्या नावानं ओळखणारं माणूस हवं होतं. शेवटी शाळेचा दाखला मिळाला आणि काम झालं, तीन महिन्यांनी. फॉर्मवर जुनं नाव लिहिताना त्या थबकल्या, मग सावकाश, चौथीतल्या मुलीसारखं वळणदार अक्षर काढलं. नव्या नावाची सही मात्र झरझर केली. माझ्यामागे रांग होती, साहेब केबिनमधून बघत होते, तरी मी घाई केली नाही.

सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लिहायचं ठरवलं, हे उत्तम केलं. फक्त त्यात आईचं नाव कोणत्या आवृत्तीतलं लिहायचं, हा प्रश्न अजून काही वर्षं आमच्या काउंटरवर येत राहणार. जाता जाता उलट बाजूचा एकच दाखला मला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धातल्या जर्मनांच्या अवजड तोफेला ‘जाडी बर्था’ म्हणत, ते तोफा ओतणाऱ्या कृप कारखान्याच्या मालकीणबाईंच्या, बर्था कृप यांच्या नावावरून, असं सांगतात. 1906 साली बाईंचं लग्न झालं तेव्हा कैसरच्या परवानगीनं नवऱ्यानं आपल्या आडनावाला कृप जोडून घेतलं. कारखाना मोठा असला की तांदळाचं ताट फिरतं.

राहता राहिला शेवटचा शेरा, मूळ कृतीवर. नाव भारदस्त, उच्चाराला सोपं, अर्थ लढाऊ. रणगाड्याला उठून दिसणारं. एकच मोठा दोष. नगरच्या त्या रणगाड्यापुढे उभं राहून मी साडूंना विचारलं, यांतली नेमकी मटिल्डा कोणती? कानोसाची, फ्लँडर्सची, ईडिथची झालेली, सम्राज्ञी, की तिला पळवून लावणारी? साडू म्हणाले, ‘पाटीवर एवढंच लिहिलंय.’ आमच्या बँकेत असता तर हा अर्ज ‘कृपया पूर्ण नाव लिहावे’ असा शेरा मारून त्याच दिवशी परत गेला असता.