कॉलेजांचें जिमखाना-वृत्त

उन्हाळ्याच्या सुटींत हिवरखेडास घरीं आलों, म्हणजे वर्षभर सांचलेलें वाचन उरकून टाकण्याचा आमचा परिपाठ आहे. तेल्हारा तालुक्यांतील हें आमचें गांव. उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग, भोंवतीं वऱ्हाडची काळी जमीन, आणि वैशाखांत भर दुपारीं घराबाहेर पाऊल टाकण्याची कोणाची छाती नाहीं. अशा दुपारीं जें वाचन हातीं येतें त्यांत आमच्या भागांतील लहान लहान कला-महाविद्यालयांचे वार्षिकांक असतात. तेथें शिकविणारे स्नेही ते अगत्यानें पाठवितात. यंदां असे चौदा-पंधरा अंक आम्हीं आठवड्याभरांत वाचून काढले. आणि त्यांतील कविता, कथा व प्रवासवर्णनें बाजूस ठेवून केवळ 'जिमखाना-वृत्त' या सदराविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आलें. विद्यार्थ्यांच्या कवितांना टीकाकार पुष्कळ आहेत. जिमखाना-वृत्तास टीकाकार मिळालेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

कोणी म्हणेल, हें वाङ्मय कोठलें? हा तर नुसता हिशेब आहे. असेल, पण हिशेबाच्या वहीवरूनही घरधन्याची पारख होते. एखादें कॉलेज खेळाकडे कोणत्या दृष्टीनें पाहतें, हें त्याच्या मैदानावरून कळतें त्याहून अधिक त्यानें मैदानाविषयीं लिहिलेल्या दोन पानांवरून कळतें. म्हणून या दोन पानांची परीक्षा करणें अस्थानीं होणार नाहीं.

या वृत्ताची घडण सर्वत्र एकच आढळते. आरंभीं संस्थेचे अध्यक्ष, सचिव व प्राचार्य यांचें ऋण मानलेलें असतें. त्यानंतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत कोणकोणते संघ पाठविले याची यादी येते. मग विद्यापीठाच्या संघांत निवड होऊन 'कलर होल्डर' ठरलेल्या एका-दोघांचीं नांवें ठळक अक्षरांत येतात. त्यांनीं कॉलेजच्या शिरपेचांत मानाचा तुरा खोवलेला असतो व त्यांची कामगिरी नेत्रदीपक असते. शेवटीं छायाचित्र. त्यांत मध्यभागीं टेबलावर चषक, दोन्ही बाजूंस खुर्च्यांवर पदाधिकारी, आणि ज्यांनीं चषक जिंकला ते पाठीमागें उभे किंवा पुढें जमिनीवर बसलेले. ज्या वर्षीं चषक नसतो त्या वर्षीं वृत्त अर्ध्या पानाचें होतें व छायाचित्र गळतें.

या लिखाणाचा पहिला दोष भाषेचा आहे. त्यांत विशेषणें विपुल आहेत. क्रियापदें मात्र तीनच. संघ 'गेला', संघ 'जिंकला', किंवा संघास 'पराभव पत्करावा लागला'. मैदानावर प्रत्यक्ष काय घडलें हें सांगणारें क्रियापद शोधूनही सांपडत नाहीं. मराठी भाषा या बाबतींत दरिद्री असती तर हा दोष आम्हीं क्षम्य मानला असता. पण वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. कुस्तींत ढाक आहे, कलाजंग आहे, धोबीपछाड आहे, पट काढणें आहे. खो-खोंत पळणारा हूल देतो, साखळी घेतो, रिंगण धरतो. पाठलाग करणारा त्याला खांबावर टिपतो, नाहीं तर सूर मारून गांठतो. कबड्डींत दम घुमतो, चढाई होते, पकड बसते. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनीं संपादिलेला 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळांत दहा खंडांत निघाला. शरीराच्या हालचालींविषयीं मराठींत किती बारकाईनें लिहितां येतें याची साक्ष पाहिजे असेल त्यानें ते खंड उघडावे. शब्द तयार आहेत. ते वापरण्यास खेळ डोळ्यांनीं पाहिलेला असावा लागतो, आणि आमचा वृत्तलेखक बहुधा निकालाच्या कागदावरून लिहितो.

हा दोष इतरांच्या पदरीं बांधून आम्ही मोकळे होऊं इच्छीत नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका कॉलेजांत जिमखाना-वृत्त लिहिण्याचें काम आमच्याकडे होतें. त्या वर्षीं मुलींचा खो-खोचा संघ पहिल्याच फेरींत हरला. आम्ही संघाबरोबर गेलों होतों व कडेला उभे राहून सामना पाहिला होता. आमच्या पहिल्या तुकडींतील दोघी मिनिटाच्या आंत बाद झाल्या. तिसरी, एका शेतमजुराची मुलगी, एकटी तीन मिनिटांहून अधिक काळ उभी राहिली. पायांत कांहीं नव्हतें. समोरचा संघ नामांकित होता. त्यानें तिला खांबाकडे रेटण्याचा हरएक प्रयत्न केला, आणि दर वेळीं ती खांबाजवळून अशी निसटे, कीं शेवटीं प्रतिपक्षाच्या बसलेल्या मुलीसुद्धां हंसूं लागल्या. तें हंसणें कौतुकाचें होतें. परत आल्यावर आम्हीं काय लिहिलें? मुलींच्या संघास पहिल्या फेरींत पराभव पत्करावा लागला, एवढेंच. अंक निघाला त्या दिवशीं ती मुलगी ग्रंथालयांत आली, तें पान काढून तिनें वाचलें, आणि अंक होता तसा टेबलावर ठेवून ती निघून गेली. आम्हांस ती कांहीं बोलली नाहीं. पुढल्या वर्षीं ती मैदानावर आली नाहीं. आमचें वाक्य हेंच त्याचें कारण, असें आम्ही म्हणत नाहीं. घरीं कापसाची वेचणी होती, लग्नाचीं बोलणीं चालू होतीं. पण तिला परत बोलावील असें एकही अक्षर आमच्या हातून लिहिलें गेलें नव्हतें, हें खरें.

भाषेच्या दोषाच्या मुळाशीं दृष्टीचा दोष आहे. आपण खेळ मोजतों तो चषकांनीं. १९५६-५७ सालीं मौलाना अबुल कलाम आझाद करंडक सुरू झाला, आणि देशांतील विद्यापीठें आपल्या क्रीडागुणांची बेरीज करूं लागलीं. विद्यापीठ बेरीज करूं लागलें म्हणजे कॉलेजही करूं लागतें. महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या तक्त्यांत तर पदकें किती मिळालीं हें विचारणारा स्वतंत्र रकानाच असतो. तीन मिनिटें उभ्या राहिलेल्या मुलीसाठीं रकाना नसतो. परिणाम असा, कीं पांचशें विद्यार्थ्यांच्या कॉलेजांत जिमखान्याची वर्गणी पांचशेंजण देतात, आणि तिचा उपभोग ज्यांना घरींच खेळाची सोय होती असे दहा-पंधराजण घेतात. उरलेले टाळ्या वाजवितात. पुष्कळदां तेंही नाहीं.

हा पेंच आपल्याकडेच पडला आहे असें नाहीं. कॉलेजानें संघ बांधून दुसऱ्या कॉलेजाशीं सामना द्यावा ही चाल अमेरिकेंत विशेष फोफावली, आणि तेथें हा पेंच जवळ जवळ तिच्या जन्मापासूनचा आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत अॅम्हर्स्ट व विल्यम्स हीं दोन लहान कला-महाविद्यालयें आहेत. त्यांच्यामध्यें १ जुलै १८५९ रोजीं पिट्सफील्ड या गांवीं बेसबॉलचा सामना झाला. दोन कॉलेजांमधील या खेळाचा तो पहिला सामना समजतात. अॅम्हर्स्टनें तो ७३ विरुद्ध ३२ असा जिंकला. पण त्याच अॅम्हर्स्टनें अवघ्या दोन वर्षांनीं, १८६१ त, आणखी एक गोष्ट केली, ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्यांच्या प्रकृति अभ्यासानें खालावतात याची तेथील अध्यक्ष स्टर्न्स यांना चिंता लागून राहिली होती. त्यांच्या कारकीर्दींत डॉ. एडवर्ड हिचकॉक यांची शरीरशिक्षणाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, आणि व्यायाम हा निवडक गड्यांचा नव्हे, तर सर्व विद्यार्थ्यांचा नित्यक्रम ठरला. हिचकॉक प्रत्येक विद्यार्थ्याची उंची, वजन, छाती मोजून नोंदवून ठेवीत. त्यांचा हिशेबही आंकड्यांचाच. पण त्यांत हरएक मुलाची ओळ होती.

एकाच कॉलेजांत अशीं दोन बीजें पेरलीं गेलीं. पहिल्याचा पुढें केवढा वृक्ष झाला हें सर्वांस ठाऊक आहे. तेथील कॉलेजांचा फुटबॉल इतका दांडगाईचा झाला, कीं १९०५ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांना मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी करावी लागली. तथापि लहान कॉलेजांनीं दुसरें बीज अगदींच मरूं दिलें नाहीं. १९७३ सालीं तेथें कॉलेजांच्या खेळाचे तीन वर्ग पाडण्यांत आले, आणि तिसऱ्या वर्गांत खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं असा नियम झाला. अॅम्हर्स्ट व विल्यम्स आज त्याच वर्गांत आहेत, आणि एकमेकांशीं अजून खेळतात.

आपल्याकडे हें दुसरें बीज शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं ज्या कार्याचा आरंभ केला, तें आज श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नांवानें प्रसिद्ध आहे. १९३६ त बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाच्या पथकानें आपले देशी खेळ तेथें करून दाखविले, ही गोष्ट वऱ्हाडांत अभिमानानें सांगतात, आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण मंडळाच्या नांवांतील मधला शब्द आम्हांस बर्लिनहून मोलाचा वाटतो. तो 'प्रसारक' असा आहे, 'विजेता' असा नाहीं. व्यायाम गांवोगांव पोंचवावा, शिकविणारे तयार करावे, हा मूळ हेतु. बर्लिनची वारी हें त्याचें फळ. आमचीं कॉलेजें फळाकडे पाहून लिहितात व मुळास पाणी घालणें विसरतात.

यावर असा आक्षेप येईल, कीं सर्वांना खेळविण्याच्या नादांत उत्तम खेळाडू हातचा जाईल. याचें उत्तर कोल्हापुरानें देऊन ठेवलें आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजांत शिकत होते. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेंत नांव घालण्यास ते गेले, तेव्हां त्यांची लहानखुरी अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकानें त्यांना परत लावलें, असें सांगतात. खाशाबा प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनीं परवानगी दिली. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत ते सहावे आले. पुढें हेलसिंकीस जाण्यास पैसा कमी पडला, तेव्हां याच खर्डेकरांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि १९५२ त खाशाबांनीं स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, जिंकलें.

खर्डेकरांनीं घर गहाण टाकलें ही गोष्ट लोक आठवतात, आणि आठवावीच. परंतु आमच्या मतें त्यांचें मोठें कृत्य पहिलें होय. घर गहाण टाकणें प्रत्येक प्राचार्यास शक्य नाहीं; पण दारांत आलेल्या किरकोळ बांध्याच्या पोरास 'खेळ' असें म्हणण्यास एक पैही लागत नाहीं. खाशाबांना नाकारणारी दृष्टि आणि चषकावांचून अर्धें पान लिहिणारी दृष्टि एकच आहे. दोन्ही निकाल आधीं पाहतात आणि माणूस मागाहून. उत्तम खेळाडू सर्वांना खेळविल्यानें हातचा जात नाहीं. तो बहुतेक वेळां दारांतूनच परत जातो, आणि परत गेलेल्याचें नांव कोणत्याही वृत्तांत येत नसल्यामुळें आपलें काय गेलें हें आपल्याला कधींच कळत नाहीं.

मग लहान कॉलेजच्या वृत्तांत काय असावें? मैदान वर्षांतून किती दिवस खेळण्याजोगें होतें, हें प्रथम असावें. आमची काळी जमीन पावसाळ्यांत पायास चिकटते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर मुरूम पडला कीं नाहीं, ही क्रीडावार्ताच होय. स्पर्धांचा हंगाम आणि सोयाबीनची सोंगणी व कापसाची वेचणी एकाच सुमारास येतात. त्यामुळें किती मुलांचा सराव बुडाला व त्याची कांहीं तोड काढली कीं नाहीं, हें असावें. पटावर किती, आणि त्यांपैकीं मैदानावर किती उतरले, त्यांत मुली किती, हे आंकडे असावे. हरलेला एखादा तरी सामना नीट वर्णिलेला असावा. आणि चषक आला असेल तर तोही असावा; चषकाशीं आमचें वैर नाहीं. लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यांत घालविलें, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. चषक मोजणाऱ्या वृत्तांत त्या वर्षास जागा मिळाली नसती. त्या वर्षीं कमावलेल्या शरीरानें पुढें मंडालेचा तुरुंगवास सोसला.

यंदांच्या अंकांत असें एक वृत्त आम्हांस मिळालें, म्हणूनच हा लेख निव्वळ तक्रारीचा होऊं शकला नाहीं. लिहिणारा तरुण क्रीडाशिक्षक असावा. त्याचें शुद्धलेखन यथातथाच आहे. चषक एकही नाहीं. पण मुलांनीं सुटीच्या दिवशीं टोपल्यांनीं मुरूम वाहून धांवपट्टी कशी केली, पहिल्या पावसांत ती कशी वाहून गेली, आणि मग चर खणून ती पुन्हां कशी केली, हें त्यानें सांगितलें आहे. लांब उडींत शेवटचा आलेला मुलगा गेल्या वर्षापेक्षां पुढें कसा पडला, हेंही त्यानें लिहिलें आहे. त्या मुलाचें नांव त्यानें छापलें आहे. चौदा-पंधरा अंकांतील इतर सर्व नेत्रदीपक कामगिऱ्या आम्ही आज विसरलों. तो शेवटचा आलेला मुलगा ध्यानांत राहिला.

आमच्या त्या खो-खो खेळणाऱ्या मुलीचें नांव येथें लिहिण्याचा मोह आम्ही आवरतों. येथें तें परक्या वाचकांपुढें जाईल. तें ज्या पानावर, तिच्या सोबतिणींच्या डोळ्यांपुढें यावयास हवें होतें, तेथें आम्हीं तें लिहिलें नाहीं. पुढील वर्षीं जे हें काम हातीं घेतील त्यांनीं एवढें तरी करावें: निकालाचा कागद मागविण्यापूर्वीं मैदानाच्या कडेला उभें राहून सामना शेवटपर्यंत पाहावा, आणि मग लेखणी उचलावी.