नुरा कुस्तीचा निकाली खेळ

व्यावसायिक रेसलिंगवर व्हिडिओ गेम करायला बसणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी एक पेच येतो. रेसलिंगचा निकाल आधीच ठरलेला असतो. रिंगमधले दोघे वैरी नसतात, भागीदार असतात. एकाने उचलायचं, दुसऱ्याने अंग हलकं करून उचलू द्यायचं आणि दोघांनी मिळून प्रेक्षकांना पटवायचं की इथे जिवावर बेतलंय. गेममध्ये मात्र कंट्रोलर हातात घेतलेल्या दोघांनाही खरोखर जिंकायचं असतं. आपण होऊन आपटून घ्यायला कुणीच तयार नसतो. म्हणजे मुळातली नुरा कुस्ती उचलायची आणि ती निकाली करून दाखवायची. फुटबॉलचा किंवा बॉक्सिंगचा गेम करणाऱ्याला ही अडचण नाही, कारण तिथे मूळ खेळच स्पर्धेचा आहे.

१९८३ ते २००० या काळातले कन्सोलवरचे रेसलिंग गेम आज पुन्हा पाहताना मला त्यांच्यात या पेचावरची निरनिराळी उत्तरं दिसतात. त्यातली बरीच उत्तरं फसलेली आहेत. आणि जी जमली, त्यातली पहिली सगळी अशा मंडळींनी दिली ज्यांच्याकडे एकाही नामवंत रेसलरचं नाव वापरायचा परवाना नव्हता.

सुरुवात जपानमधल्या आर्केडमध्ये झाली. टेक्नॉस जपान या कंपनीचा ‘टॅग टीम रेसलिंग’ १९८३चा. काही वर्षांनी तो निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर, म्हणजे एनईएसवर आला. दोघे एकमेकांना भिडले की मोजक्या क्षणांत डावांच्या यादीतून एक डाव निवडायचा, अशी त्याची रीत. आज तो खेळवत नाही. चित्रं ओबडधोबड, बटणांचा प्रतिसाद मंद. पण एक गोष्ट त्याला तेव्हाच उमगली होती: रेसलिंगचा गेम ठोशांवर उभा राहत नाही, पकडीवर उभा राहतो. दोन अंगं एकमेकांत अडकल्यानंतर काय घडतं, तिथे सगळी मजा आहे.

ही समज पुढे नेली मासातो मासुदा या प्रोग्रॅमरने. त्याचा ‘प्रो रेसलिंग’ जपानमध्ये १९८६ साली एनईएसच्या जपानी रूपाच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या डिस्कवर आला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत एनईएसवर. जिंकल्यावर पडद्यावर येणारी ‘अ विनर इज यू’ ही तुटक्या इंग्रजीतली पाटी पुढे इंटरनेटवर विनोद होऊन बसली. विनोद जगभर पोचला, गेम मात्र अनेकांनी त्या पाटीपलीकडे पाहिलाच नाही. हा अन्याय आहे, कारण आठ बिट्सच्या त्या यंत्रावर मासुदाने जे बसवलं ते थक्क करणारं आहे.

त्यात दमाची पट्टी नाही. कुणाची किती ताकद उरली हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. मार खाल्लेला गडी मॅटवरून उठायला जास्त वेळ घेतो, आणि आपण काय ते ओळखायचं. दोघे जवळ आले की आपोआप पकड बसते. मग दिशा आणि बटण यांच्या जोडीवर डाव ठरतो. रिंगबाहेर फेकता येतं, दोरांवरून बाहेर झेप घेता येते, कोपऱ्यातल्या खांबावर चढता येतं. बाहेर पडलेल्याने वीस मोजून होण्याआधी परत यायचं. आत पंच आहे, तो मॅटजवळ जाऊन तीन मोजतो. आणि रिंगच्या कडेला एक कॅमेरामन आहे. खेळाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. पण लढत सरकेल तसा तो खांद्यावर कॅमेरा घेऊन सरकत राहतो. मासुदाला ठाऊक होतं की तो कुस्तीचा नाही, कुस्तीच्या प्रक्षेपणाचा गेम करतो आहे.

त्याचे रेसलर काल्पनिक, पण प्रत्येकावर कुणाची ना कुणाची उघड सावली. फायटर हायाबुसा डोक्याच्या मागच्या बाजूला लाथ मारतो. ही लाथ जपानी रेसलर अंतोनियो इनोकीची ओळख होती. स्टारमॅन मेक्सिकोच्या मुखवटेवाल्या परंपरेतला. किन कॉर्न कार्न म्हणजे रेसलर किलर खान, हे नावातच कळतं. आणि अ‍ॅमेझॉन नावाचा हिरवट अंगाचा अर्धा माणूस, अर्धा मासा, जो सरळ चावतो. शेवटी ग्रेट प्युमा समोर येतो आणि इतरांचे बरेच खास डाव त्याला येतात. परवाना नसल्याने मासुदाला प्रत्येक पात्र त्याच्या डावावरून उभं करावं लागलं. चेहऱ्याला जागाच नव्हती. काही ठिपक्यांत मावेल ते खरं. हायाबुसा खेळणारा आणि स्टारमॅन खेळणारा यांच्या चालीच निराळ्या होतात. याला मी व्यक्तिचित्रण म्हणतो.

आता अमेरिकेकडे. १९८९च्या आरंभी एनईएसवर, डब्ल्यूडब्ल्यूएफ या तिथल्या रेसलिंग कंपनीच्या परवान्यावर, ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ रेसलमेनिया’ आला. बनवला ब्रिटनच्या रेअर कंपनीने, विकला अ‍ॅक्लेमने. हल्क होगन, आंद्रे द जायंट, रँडी सॅव्हेज, टेड डिबियासी ही त्या काळातली नाणी. वेष्टन पाहूनच पोरं दुकानात हट्टाला पेटावीत अशी ही नावं. आत मोजके डाव, बरीचशी ठोसे-लाथांची देवघेव आणि मधूनच पडद्यावरून जाणारी, पकडल्यास ताकद देणारी चित्रं. दोन वर्षांपूर्वीच त्याच यंत्रावर मासुदा काय करून गेला होता, याची जणू कुणाला वार्ताच नव्हती.

सुपर निन्टेन्डो आल्यावर १९९२चा ‘सुपर रेसलमेनिया’ आला आणि त्यात हा दोष कळसाला पोचला. रेसलर दहा, चित्रं मोठी, चेहरे ओळखू येणारे. पण सगळ्यांचे डाव एकच! अंडरटेकर आणि होगन यांच्यात फरक फक्त कपड्यांचा. त्याच नावाचा गेम सेगाच्या यंत्रावर आला तेव्हा रेसलर कमी होते, पण प्रत्येकाला आपला हुकमी डाव होता. म्हणजे करणाऱ्यांना सुचत नव्हतं असं नाही. पकड बसली की बटण बडवायचं, जो जास्त बडवेल त्याचा डाव. ज्याच्याकडे आपोआप बटण दाबणारा टर्बो कंट्रोलर, तो अजिंक्य. नुरा कुस्तीचं निकाली कुस्तीत रूपांतर करायचा हा सगळ्यात आळशी मार्ग: कौशल्य नको, कथा नको, अंगठे शाबूत असले की पुरे. पुढच्या वर्षीचा ‘रॉयल रंबल’ जरा बरा. त्यात प्रत्येकाचा खास डाव आला, रिंगमध्ये एकाच वेळी सहा जणांची फ्रीस्टाइल हाणामारी आली, आणि पंच आडवा झाला की डोळ्यांत बोटं घालायची सोय आली. ही शेवटची सोय मला फार आवडते. रेसलिंगमध्ये पंच असतो तो नियम पाळण्यासाठी नाही, त्याची नजर चुकवून ते मोडता यावेत म्हणून असतो, आणि एवढं तरी या गेमला कळलं होतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबलबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफ घराघरांत आलं. टीव्हीला जोडायचे स्वस्त नकली व्हिडिओ गेम बाजारात होते. पण शाळेच्या मधल्या सुट्टीत महाराष्ट्रातली मुलं रेसलिंग खेळली ती मुख्यतः ट्रम्प कार्डांवर. उंची, वजन, छाती, दंड, क्रमांक, आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे लढलेल्या आणि जिंकलेल्या लढती. आधीच ठरलेल्या निकालांचे आकडे आणि त्यांवर चाललेली खरीखुरी भांडणं! अमेरिकी परवान्याच्या त्या गेमपेक्षा ही पत्त्यांची जोडी फार वेगळी नव्हती. दोन्हींत चेहरा आणि नाव हाच ऐवज. उलट पत्त्यांत निदान प्रत्येकाचे आकडे तरी वेगळे होते.

पुन्हा जपानी गेमकडे यायचं, तर टेक्मोचा ‘वर्ल्ड रेसलिंग’ मध्येच येऊन जातो. पडद्याच्या तळाशी समालोचकाचं बोलणं अक्षरांत उमटतं आणि मोठ्या डावाला चित्र एकदम जवळून दिसतं. कल्पना झकास, पण तेच चित्र पुन्हा पुन्हा पाहून कंटाळा येतो.

दरम्यान मासुदा थांबलेला नव्हता. ह्यूमन या कंपनीत त्याने १९८९ साली पीसी इंजिन या यंत्रावर ‘फायर प्रो रेसलिंग’ मालिका सुरू केली. रिंग तिरकी दाखवली, त्यामुळे खोली आली. त्याहून मोठी गोष्ट पकडीच्या वेळी घडली. इथे बटण बडवून काही होत नाही. दोघे भिडतात, पाय मॅटवर टेकतात, नेमक्या त्या क्षणी बटण दाबायचं. आधी दाबलं तरी फसलं, उशीर झाला तरी फसलं. आणि डावांच्या तीन पायऱ्या: हलका, मधला, भारी. सुरुवातीलाच भारी डाव टाकायला गेलात की समोरचा तो उलटवतो. आधी हलक्या डावांनी त्याला दमवायचं, मग मधले, मग शेवटचा घाव.

हा नियम पाहायला साधा, पण मूळ पेच त्यानेच सोडवला. खऱ्या रेसलिंगमध्ये लढत हळूहळू चढत जाते, कारण दोघांनी तसं ठरवलेलं असतं. इथे दोघांपैकी कुणीच काही ठरवत नाही. दोघेही स्वार्थी, दोघांनाही जिंकायचंय, आणि तरीही लढत चढत जाते, कारण घाई करणारा हरतो. प्रेक्षकाला हवी ती गोष्ट आपोआप तयार होते. गेमच्या रचनेत मला यापेक्षा देखणं काही फारसं सापडलेलं नाही. पुढच्या भागांत रेसलर स्वतः तयार करायची सोय आली, मग त्याची बुद्धी घडवायचीही: कोणत्या वेळी कोणता डाव किती टक्के वेळा टाकायचा, हे ठरवून द्यायचं आणि यंत्राच्या दोन रेसलरांची लढत नुसती बघत बसायचं. कंट्रोलर खाली ठेवून. हा गेम आहे का, असं विचारणाऱ्यांना मी विचारेन की मग रेसलिंग तरी खेळ आहे का.

या मालिकेतला एक भाग अगदीच वेगळ्या कारणासाठी नोंदवायला हवा. १९९४च्या अखेरीस सुपर फॅमिकॉमवर (सुपर निन्टेन्डोच्या जपानी रूपावर) आलेल्या ‘सुपर फायर प्रो रेसलिंग स्पेशल’ची कथा गेम-रचनाकार गोइची सुदाने लिहिली. रेसलिंगमध्ये शिरणारा एक तरुण, मोरिओ सुमिसु, एकेक आधार गमावत वर चढतो, जगज्जेता होतो, आणि त्यानंतर एकटा पडून स्वतःला गोळी घालून संपवतो. तासन्‌तास खपून पट्टा जिंकलेल्या खेळाडूच्या हाती हे दिलं जातं. सुदाची पुढची कारकीर्द अशाच खोडीवर उभी आहे. काहींना यात थोर शोकांतिका दिसते. मला त्यात हट्टाने दिलेला धक्का जास्त दिसतो. पण रिंगमधला विजय खोटा असतो, आणि त्या खोट्यासाठी झिजलेलं शरीर खरं असतं, हे एका कार्ट्रिजवर मांडायचं धाडस तेव्हा दुसऱ्या कुणी केलं नव्हतं, हेही खरं.

परवाना आणि कारागिरी यांची गाठ पडायला १९९७ उजाडलं. जपानच्या अकी कंपनीने निन्टेन्डो ६४वर, डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकी रेसलिंग कंपनीच्या परवान्यावर, ‘डब्ल्यूसीडब्ल्यू व्हर्सेस एनडब्ल्यूओ: वर्ल्ड टूर’ केला, पुढच्या वर्षी ‘रिव्हेंज’, मग डब्ल्यूडब्ल्यूएफचा परवाना अ‍ॅक्लेमकडून टीएचक्यू या प्रकाशकाकडे आल्यावर ‘रेसलमेनिया २०००’ आणि नोव्हेंबर २०००मध्ये ‘नो मर्सी’. बटण टिचकीसरशी दाबलं तर हलकी पकड, दाबून धरलं तर घट्ट. एवढ्या एका फरकावर प्रत्येक रेसलरचा डावांचा साठा दुप्पट होतो. दमाच्या जागी इथे जोश मोजला जातो. मार दिल्याने तो चढतो, आणि गर्दीकडे पाहून मिजास मारल्यानेही. गेमचा सर्वात मोठा निर्णय हाच: प्रेक्षकांना खूश करणं हा जिंकण्याचा एक डाव झाला. धोकाही आहेच, मिजास करताना पाठमोरे सापडलात तर संपलात. चार जणांना एकत्र खेळता येत असे, आणि गेम मंद चालीचा असल्याने चौघांनाही काय चाललंय ते कळत असे.

‘नो मर्सी’च्या कथेत लढत हरलात तर गेम तुम्हाला मागे ढकलत नाही, कथा दुसऱ्या वाटेने पुढे जाते. हरणं हाही कथेचा भाग, ही रेसलिंगची सर्वात जुनी समज, आणि ती गेममध्ये इतक्या उशिरा आली.

त्याच वर्षी प्लेस्टेशनवर युक्स कंपनीचा ‘स्मॅकडाऊन’ आला. वेगवान, चकचकीत, टीव्हीवरच्या कार्यक्रमासारखा दिसणारा. विकला गेला, गाजला, आणि पुढची जवळजवळ दोन दशकं घरगुती रेसलिंग गेमचा मुख्य प्रवाह त्याच वाटेने वाहिला. दरवर्षी चेहरे अधिक हुबेहूब, घामाचे थेंब, रिंगपर्यंत येतानाची लांबलचक मिरवणूक. २०१९चा ‘डब्ल्यूडब्ल्यूई टू के २०’ तर इतक्या बिघाडांसह बाहेर आला की त्याच हुबेहूब चेहऱ्यांचे झालेले विद्रूप तुकडे जगभर हसण्याचा विषय झाले. पुढच्या वर्षी मालिकेचा नेहमीचा भाग निघालाच नाही.

जुन्याकडे वळायचे प्रयत्न झाले. २०२३च्या ‘एईडब्ल्यू: फाइट फॉरेव्हर’साठी ‘नो मर्सी’चा दिग्दर्शक हिदेयुकी इवाशिता याला पुन्हा आणलं गेलं. पकडींचा जुना सूर मधूनमधून ऐकू येतो, पण भोवतीचा गेम पातळ आहे. त्याआधी २०१७मध्ये ‘फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड’ आला. मासुदा तोवर गेला होता. रिंग तीच तिरकी, वेळ साधायचा नियम तोच. पडद्यावरच्या याद्या कुरूप, एक रेसलर घडवायला संध्याकाळ जाते, नवखा माणूस अर्ध्या तासात कंटाळून उठतो. या वेळी मालिकेकडे न्यू जपान प्रो-रेसलिंगचा अधिकृत परवाना होता, खरी नावं, खरे पोशाख. खेळाडूंनी मात्र लगेच आपापले रेसलर घडवून एकमेकांना वाटायला सुरुवात केली, त्यांची बुद्धी टक्क्यांत बसवली, आणि लढत लावून बघत बसले.