लोकसंख्येचे आरोग्य, विषमता आणि संशोधकाची घडण : नांदेड-लातूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

३० सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीपासून पुढील चोवीस तासांत नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधांचा व मनुष्यबळाचा तुटवडा हे कारण एका बाजूने सांगितले गेले. रुग्ण खासगी रुग्णालयांतून अत्यवस्थ स्थितीत उशिरा आले, असे स्पष्टीकरण दुसऱ्या बाजूने देण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने घटनेची स्वतःहून दखल घेतली.

या दोन्ही विधानांचा पडताळा कोणत्याही एका विद्याशाखेला घेता येण्याजोगा नाही. अर्भकाचे वजन किती होते, दिवस पूर्ण भरले होते काय, हे बालरोगतज्ज्ञ सांगू शकेल. माता कोणत्या गावाहून, किती दवाखाने फिरून, किती कर्ज काढून आली, हा समाजशास्त्राचा व अर्थशास्त्राचा प्रश्न होय. औषधखरेदी का रखडते हे लोकप्रशासनाचा अभ्यासक शोधेल, आणि २४ ही संख्या नेहमीच्या दैनंदिन मृत्युसंख्येहून किती वेगळी आहे हे संख्याशास्त्र ठरवील. हे सर्व प्रश्न एकत्र विचारू शकणारा संशोधक मराठवाड्यात घडविला जातो काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक परिसर, दोन विद्यापीठे

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ मध्ये झाली. नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे, तर लातूरचे २००२ चे. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय शिक्षण त्याच्या छत्राखाली आले. परीक्षा व अभ्यासक्रम यांच्या एकसूत्रीपणासाठी ही रचना उपयुक्त असेलही. परंतु तिचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला. नांदेडमध्ये विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही विष्णुपुरीतच असूनही एकाचा संशोधक विद्यार्थी व दुसऱ्याचा पदव्युत्तर विद्यार्थी यांचे विद्यापीठ, मार्गदर्शक आणि अभ्यासक्रम वेगळे आहेत. त्यांची भेट झालीच तर ती व्यक्तिगत ओळखीतून होते, अभ्यासक्रमातून नव्हे.

‘लातूर पॅटर्न’ने या भागातील असंख्य मुलांना वैद्यकीय प्रवेशाची वाट दाखविली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र अचूक उत्तर देण्याची तयारी म्हणजे नवा प्रश्न विचारण्याची तयारी नव्हे, आणि संशोधनाला दुसरी अधिक लागते.

पद्धतच निष्कर्ष ठरविते

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.साठी पूर्वअभ्यासक्रम अनिवार्य केला. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. पदवी बंद केली. त्यामुळे संशोधनाचे धडे गिरविण्याची एक पायरीच गेली आणि पूर्वअभ्यासक्रमाची जबाबदारी वाढली. प्रत्यक्षात ‘संशोधन पद्धती’ या विषयात गृहीतकाची व्याख्या, नमुना निवडीचे प्रकार आणि अहवालाची प्रकरणे यांवरच बहुधा भर असतो.

याचे पडसाद प्रबंधांत उमटतात. सामाजिक शास्त्रांतील आरोग्यविषयक अभ्यासात अनेकदा शंभरेक उत्तरदात्यांना त्यांच्या माहितीविषयी व सवयींविषयी प्रश्न विचारले जातात. प्रश्नावली व्यक्तीच्या ज्ञानापुरतीच असल्याने निष्कर्षही ‘अज्ञान’ हाच निघतो आणि शिफारस ‘जनजागृती’ची होते. रस्ता, मजुरी, रेशन, रिक्त पदे यांचा रकानाच नसल्याने ती कारणे म्हणून पुढे येत नाहीत. वैद्यकीय प्रबंधाची मर्यादा याच्या उलट आहे. तो रुग्णालयात पोहोचलेल्यांना मोजतो. किनवट-माहूरच्या पाड्यावरून जो निघालाच नाही, तो त्याच्या तक्त्यात येत नाही. आरोग्य विषमता नेमकी या दोन तक्त्यांच्या मधल्या जागेत असते.

बीडचा धडा

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांची, अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांसाठी देशाचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. तफावत धक्कादायक आहे. तथापि दोन्ही गटांची वयरचना तपासल्याविना थेट तुलना करू नये, हे संख्याशास्त्र शिकविते. उलट, केवळ टक्केवारीवर थांबल्यास उचल, खाड्याचा दंड, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरण्याची रीत आणि फडावर पाण्याचा व शौचालयाचा अभाव हे सारे निसटते. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही म्हणून शस्त्रक्रिया ‘निवडली’ जाते, तेव्हा निवड या शब्दाचा अर्थ स्त्रीरोगशास्त्र एकट्याने लावू शकत नाही. कंधार-मुखेडच्या डोंगराळ भागातूनही मजूर ऊसतोडीला जातात. म्हणून हा प्रश्न शेजारच्या जिल्ह्याचा समजून बाजूला ठेवता येणार नाही.

पर्यायाची दिशा

असे संशोधन महाराष्ट्रात अशक्य नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावच्या जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवून, गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात अर्भकांची काळजी घेतली. त्यातून अर्भकमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे वैद्यक, लोकसंख्याशास्त्र आणि गावाची भाषा ही एकाच प्रश्नाभोवती एकत्र आली होती.

नांदेड-लातूरसाठी यातून काही गोष्टी सुचतात. दोन्ही विद्यापीठांनी सामंजस्य कराराने संयुक्त पूर्वअभ्यासक्रम चालवावा. प्रत्येक संशोधकास वैद्यक व सामाजिक शास्त्र यांतून एकेक मार्गदर्शक असावा. एक सत्र एकाच तालुक्यात क्षेत्रकार्य व्हावे आणि निष्कर्ष प्रथम त्या ग्रामसभेपुढे मांडले जावेत. मात्र यात सामाजिक शास्त्राच्या विद्यार्थ्याला डॉक्टरांसाठी प्रश्नावल्या भरून आणणारा मदतनीस केले गेले, तर नाव आंतरविद्याशाखीय राहील आणि उतरंड जुनीच.

समारोप

अनेक विषयांचे लेख एका मुखपृष्ठाखाली आले की नियतकालिक बहुविद्याशाखीय होते. संशोधन तेवढ्याने आंतरविद्याशाखीय होत नाही. त्यासाठी प्रश्नच सामाईक असावा लागतो. २०२३ च्या त्या १२ अर्भकांचा रुग्णालयापर्यंतचा प्रवास कोठून सुरू झाला, हा असा सामाईक प्रश्न आहे. विष्णुपुरीतील दोन संस्थांच्या विद्यार्थ्यांनी तो एकत्र बसून विचारणे, ही या प्रशिक्षणाची खरी सुरुवात ठरेल.