नाव खोडले, माणूस उरला

स्पर्धा-कायद्यातील गोपनीयतेवर जे लिहिले जाते, ते बहुधा कंपन्यांच्या गुपितांविषयी असते: किमती, सवलती, ग्राहकांच्या याद्या. ती गुपिते उघड करणारा माणूस त्यात क्वचितच दिसतो. युरोपीय न्यायालयाचा ७ नोव्हेंबर १९८५ चा ‘अ‍ॅडम्स विरुद्ध आयोग’ हा निकाल म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. मी वकील नाही. मजकूर म्हणून तो वाचला.

स्टॅन्ली अ‍ॅडम्स हे बाझल येथील हॉफमन-ला रोश या औषध कंपनीचे अधिकारी. जीवनसत्त्वांच्या बाजारातील कंपनीचे गैरव्यवहार त्यांनी १९७३ मध्ये युरोपीय आयोगाला पत्राने कळवले आणि आपले नाव त्यात न गोवण्याची विनंती केली. पुढे चौकशीत आयोगाने ओळखीच्या खुणा काढलेल्या प्रती कंपनीला दिल्या. त्यांवरूनच कंपनीने माणूस हुडकला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये शिरताना अ‍ॅडम्स यांना आर्थिक हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. ते कोठडीत असताना त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली.

फौजदारी कारवाईची शक्यता कळूनही आयोगाने त्यांना सावध केले नाही, म्हणून न्यायालयाने आयोगाला जबाबदार धरले. नुकसानीचा निम्मा भार मात्र अ‍ॅडम्स यांच्यावरच टाकला: कागदांवरून आपण ओळखले जाऊ हे त्यांनी सांगितले नाही, पत्ता कळवला नाही, चौकशी न करता ते स्वित्झर्लंडला परतले. शेवटच्या मुद्द्यात वजन आहे. पहिला मला पटत नाही. कोणते कागद कंपनीच्या हाती द्यायचे हे आयोग ठरवत होता. जो निर्णय आपल्या हाती नाही, त्याच्या परिणामांची पूर्वसूचना अ‍ॅडम्स यांनी कशी द्यावी?

हा प्रश्न आपल्याकडेही लागू आहे. आपल्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमाचे कलम ५७ उद्योगसंस्थांच्या माहितीला संरक्षण देते. माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद २००९ च्या विनियमांत आहे, तीही लेखी विनंतीवर. २०२२ च्या दुरुस्तीने ‘गोपनीयता वर्तुळ’ आणले: हमीपत्र देणाऱ्या मोजक्या प्रतिनिधींनाच गोपनीय कागद पाहता येतात. बचावासाठी ते आवश्यकच आहे. आरोपीला पुरावा न दाखवता शिक्षा देता येणार नाही. पण या प्रतिनिधींत कंपनीच्या आतली माणसेही असू शकतात. सहकाऱ्याचे टिपण ओळखायला त्यांना नाव लागत नाही. म्हणून कागद दाखवण्यापूर्वी, यावरून तुम्ही ओळखले जाल का, हे माहिती देणाऱ्यालाच विचारणे आयोगावर बंधनकारक हवे.